रिकामी वाटी परत करायची नाही

२०१७ सालच्या नोव्हेंबरचा अखेरचा शनिवार. दुपारी यवतमाळच्या एस. टी. स्टँडवर उतरलो, तर चहाच्या टपरीवर, पानठेल्यावर, गाडीची वाट पाहत बसलेल्या बायामाणसांत विषय एकच चाललेला. बोंडअळी! ज्याच्या त्याच्या तोंडी बोंडअळी. एका म्हाताऱ्या कास्तकाराने तर खिशातून एक बोंड काढून माझ्यासमोर उकलून दाखवले. वरून हिरवेगार, टणक. आत मात्र सरकी पोखरलेली, कापूस पिवळट आणि मधोमध ती गुलाबी, करंगळीच्या नखाएवढी अळी. “हे पाय भाऊ, हे आमचं यंदाचं सोनं,” असे म्हणून त्याने ते बोंड रस्त्यावर फेकले आणि पायाखाली चिरडले.

अशा सालात मी त्या जिल्ह्यात कशाला गेलो होतो, हे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल. मी गेलो होतो देवाचे आभार मानण्याचा एक सण पाहायला.

माझे एक जुने स्नेही त्या भागात प्राथमिक शाळेवर मास्तर होते. निवृत्त होऊन आता ते आपल्या गावी शेती पाहतात. घराणे ख्रिस्ती, तीन-चार पिढ्यांचे. दरवर्षी त्यांचे पत्र येई, की कापणीच्या सणाला या. दरवर्षी माझे जाणे राही. त्या वर्षी मात्र मीच फोन करून विचारले, “गुरुजी, यंदा सण आहे ना? की साल वाईट म्हणून रहित केला?” गुरुजी पलीकडून हसले. म्हणाले, “या वर्षीच या. चांगल्या सालचा सण काय कोणीही करतो.”

कापसाची वाट

यवतमाळहून आर्णीकडे जाणाऱ्या रस्त्याने गाडी निघाली. शहर मागे पडले तशी चढउताराची, सागाच्या झाडांची जमीन सुरू झाली. हा जिल्हा नकाशावर दिसतो तसा सपाट नाही. डोंगरांचे फाटे मधून मधून आडवे येतात, त्यांच्या कुशीत कोलामांचे पोड, गोंडांची गावे, बंजाऱ्यांचे तांडे वसलेले आहेत आणि खोऱ्यात उतरले की काळीभोर जमीन लागते. पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा. मध्ये अडाण, अरुणावती, बेंबळा. नद्यांची नावे एवढी, पण बहुतेक शेती अजून पावसाच्या पाण्यावरच. आभाळ फिरले की घर फिरले, असा तेथला हिशेब.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी उभी होती. सोयाबीन निघून गेलेल्या वावरात हरभरा नुकता वर आला होता. तूर पिवळ्या फुलांनी लगडलेली. लांबून पाहिले तर सारे ठीक वाटावे. पण जवळून पाहिले की पऱ्हाटीवरची बोंडे अर्धवट उकललेली, कवडी झालेली दिसत. काही वावरांत तर लोकांनी उभ्या पिकात ढोरे सोडली होती.

या कापसापायी या मुलखाने पुष्कळ पाहिले आहे. इंग्रजांच्या काळी येथला कापूस विलायतेतल्या गिरण्यांना जावा म्हणून यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अरुंद रुळांची आगगाडी घातली गेली. लोकांची लाडकी ‘शकुंतला’ ती हीच. ती गाडी आता धावत नाही. १९७२ साली सरकारची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, पुढे तीही गेली. २००२ नंतर बीटी बियाणे आले. पहिली काही वर्षे अळीपासून सुटका झाली, आणि मग गुलाबी अळी त्यालाही पचवून बसली. याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी बायको आणि चार लेकरांसह आपली जीवनयात्रा संपवली. त्यानंतर अशा बातम्यांचा ओघ थांबला नाही. २००६ साली पंतप्रधान स्वतः विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी मदतीची घोषणा झाली. तरी यवतमाळ हे नाव वर्तमानपत्रात आले, की आजही वाचणाऱ्याच्या मनात आधी तीच गोष्ट येते.

आणि २०१७ साल तर आणखीच कठीण होते. पाऊस कमी. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर वाढलेली. अळीच्या भीतीने दोन-तीन औषधे एकत्र करून लोक फवारीत होते. तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत. फवारा उलटून अंगावर येई. पावसाळ्याच्या अखेरीस विषबाधा होऊन जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. ही सारी हकीकत मनात असताना मी त्या सणाला चाललो होतो, आणि खरे सांगायचे तर माझ्या मनात एक शंका होती. असल्या सालात देवाचे उपकार मानायचे, म्हणजे मनाची फसवणूकच नव्हे का?

गुरुजींच्या ओसरीवर

संध्याकाळी गुरुजींच्या घरी पोहोचलो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. ज्यांच्या दुःखाविषयी मी लिहिणार आहे ती माणसे तेथे राहतात. गाव लहान. ख्रिस्ती घरे चाळीसेक. त्यांची वस्ती वेगळी ओळखू येते ती एवढ्यावरूनच, की दारावर एखादा क्रूस किंवा येशूचे चित्र असते. बाकी अंगणातली तुळस जाऊन तेथे झेंडूची झाडे आली आहेत, एवढाच फरक. भाषा वऱ्हाडी, जेवण ज्वारीच्या भाकरीचे, बायकांच्या कपाळावर कुठे कुंकू आहे, कुठे नाही.

जेवणे झाल्यावर ओसरीवर बसलो तेव्हा गुरुजींनी आपल्या घराची मूळकथा सांगितली.

त्यांचे आजोबा दुष्काळातले पोर. १८९९-१९०० चा तो दुष्काळ. जुनी माणसे त्याला छप्पन्नाचा दुष्काळ म्हणत, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ चालू होता. त्याआधी दोन-तीन वर्षांपूर्वी एक दुष्काळ होऊन गेलाच होता. वऱ्हाडात माणसे रस्त्यावर मरून पडली. त्या वेळी हा भाग वणी जिल्ह्यात मोडे. यवतमाळ जिल्हा हे नाव १९०५ पासूनचे. अमेरिकेतल्या फ्री मेथॉडिस्ट मंडळीचे मिशनरी तोवर इकडे येऊन राहिले होते. अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे जोडपे १८८१ साली प्रथम बऱ्हाणपूरला आले, पुढे या मिशनचे काम वऱ्हाडात यवतमाळ भागात रुजले. गुरुजींच्या आजोबांचे आईबाप त्या दुष्काळात गेले. सात-आठ वर्षांचे पोर कोणी तरी मिशनच्या दारात आणून सोडले.

“आजोबा सांगत,” गुरुजी म्हणाले, “पहिल्या दिवशी त्यांना एका वाटीत पेज दिली. त्यांनी ती प्यायली आणि वाटी लपवून ठेवली. उद्या ही वाटी दाखवली नाही तर पेज मिळणार नाही असं त्यांना वाटलं! मेले तोवर ती वाटी त्यांच्यापाशी होती. पितळेची. आता माझ्याकडं आहे.”

त्यांनी आत जाऊन ती वाटी आणली. साधी, ठोके पडलेली वाटी. हातात घेतली तेव्हा मला काही बोलता आले नाही.

दुष्काळाने घडवलेली माणसे महाराष्ट्रात आणखीही आहेत. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण १८७०च्या दशकातल्या दुष्काळात गेली. त्या स्वतः उपाशीतापाशी देशभर पायी फिरल्या. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली आणि विधवा बायांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठीच केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. आपल्यावर जे गुदरले ते आठवून दुसऱ्याच्या तोंडी घास घालायचा, याला मी उपकार फेडणे म्हणतो. देवाचे उपकार देवाला थोडेच फेडता येतात? ते असे माणसांकडेच फेडावे लागतात.

यवतमाळ शहराचेही या इतिहासात एक स्थान आहे. ख्रिस्ती पाळकांना शिक्षण देणारी ‘युनियन बिब्लिकल सेमिनरी’ १९५३ साली यवतमाळातच स्थापन झाली. देशाच्या कानाकोपऱ्यातून विद्यार्थी या आडबाजूच्या गावात येऊन राहिले. १९८३ साली ती पुण्याला गेली. गुरुजींच्या गावचे जुने पाळक तिथलेच शिकलेले. जिल्ह्यातील उमरी या खेड्यात मिशनचे हॉस्पिटल उभे राहिले, तेथे गुरुजींच्या आईचे बाळंतपण झाले. “आमच्या घरचं कोण कोण त्या दवाखान्यात जन्मलं, मोजायला गेलं तर दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत,” असे गुरुजींच्या पत्नी आतून म्हणाल्या.

कापणीचा सण

रविवारी सकाळी नऊ वाजता देवळाची घंटा झाली. ख्रिस्ती मंडळी आपल्या चर्चला ‘देऊळ’ असेच म्हणतात. कौलारू, पांढऱ्या चुन्याची, बेताची इमारत. दाराला आंब्याची पाने आणि झेंडूचे तोरण. दोन्ही बाजूंना ज्वारीची कणसे बांधलेली ताटे उभी केली होती. आत एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया, पुढे सतरंजीवर पोरेसोरे.

हा सण मुळात फार जुना. बायबलच्या जुन्या करारात इस्राएल लोकांना आज्ञा आहे, की पिकाची पहिली पेंढी, पहिली फळे देवापुढे आणावीत. शिवाय असेही सांगितले आहे, की शेताचा कोपरा न् कोपरा कापू नये, गळालेले कणीस उचलू नये. ते गोरगरिबांसाठी आणि परदेशी माणसासाठी सोडावे. असा सरवा वेचायला गेलेल्या रूथ नावाच्या विधवेची कथा बायबलात आहे. आपल्याकडे सरवा वेचणे बायाबापड्यांना नवे नाही. म्हणून ही कथा खेड्यातल्या ख्रिस्ती बाईला फार जवळची वाटते. इंग्लंडातल्या चर्चमध्ये कापणीच्या सणाला हल्लीचे रूप १८४३ साली आले. कॉर्नवॉल परगण्यातले पाद्री रॉबर्ट हॉकर यांनी ते सुरू केले. आपल्याकडे मिशनऱ्यांबरोबर तो आला आणि येथल्या मातीचाच होऊन गेला. आणि नवल ते काय? वऱ्हाडात कापूस वेचायला सुरुवात करण्यापूर्वी बाया वावरात सीतादही करतातच की. कोकणात नवान्न करतात. धान्य घरात आले की पहिला घास देणाऱ्याला, ही जाण शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही.

गाणी सुरू झाली. पेटी, तबला, झांजा. चाली आपल्या भजनाच्या. मराठी ख्रिस्ती मंडळींना हे भजनाचे वळण दिले त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा वाटा मोठा. टिळकांना बायबलचा नवा करार प्रथम मिळाला तो नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत, एका सहप्रवासी गोऱ्या माणसाकडून. पुढे १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यापायी घर दुभंगले, बायको-मुलापासून ताटातूट झाली, आणि काही वर्षांनी लक्ष्मीबाई परत आल्या. ही सारी हकीकत लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहिली आहे. सांगायचे एवढेच, की त्या देवळात जी गाणी चालली होती ती सुखातल्या माणसांनी रचलेली नव्हती.

मग एकेक घर पुढे येऊ लागले. कोणी सोयाबीनची थैली आणली, कोणी ज्वारी. कोणी वांगी, कोणी वालाच्या शेंगा, अंबाडीची भाजी, भलेमोठे कोहळे, मिरच्या. एका पोराने पाय बांधलेली कोंबडी आणली. तिने ऐन प्रार्थनेत ओरडायला सुरुवात केली, तेव्हा सारे देऊळ हसले. एका आजीने पदराच्या गाठीतून तीन अंडी काढून ठेवली. वेदीपुढे ढीग झाला. दरवर्षीपेक्षा निम्माही नाही, असे गुरुजी कानात म्हणाले. कापूस तर फार थोडा.

साक्ष

यानंतर पाळकसाहेबांनी विचारले, कोणाला साक्ष द्यायची आहे काय. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते मंडळीपुढे उभे राहून सांगणे.

चाळिशीचा, हडकुळा एक मजूर उठला. हातात कोंबडा. तो दुसऱ्यांच्या वावरात रोजाने फवारणी करी. सप्टेंबरात त्याला विषबाधा झाली. तो सांगू लागला:

“मले दोन दिवस काई दिसेना. डोळ्यापुढं नुसता अंधार. दवाखान्यात बाजूच्या खाटेवर एक पोरगा व्हता, पंचविशीचा. रात्री आमी दोघं बोललो. सकाळी त्याची खाट रिकामी. मी वाचलो. कावून वाचलो, मले समजत नाई. मी काई त्याच्यापेक्षा चांगला माणूस नाई. देवानं मले वाचवलं असं म्हणतो, तं त्या पोराले कावून नाई, हे मनात येते. म्हणून मी तेवढंच म्हणतो, देवा, जे दिवस तू देल्ले, त्याचे उपकार. आन् त्या पोराच्या मायला पाय.”

एवढे बोलून त्याने कोंबडा ढिगाजवळ ठेवला आणि खाली बसला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायांच्या बाजूला कोणी तरी नाक पुसले.

मी त्या बाजूला पाहिले. खांबाला टेकून एक बाई बसली होती. पन्नाशीच्या आतली असेल. मांडीवर एक लहान टोपली, तिच्यात पांढराशुभ्र कापूस. गुरुजींनी आदल्या रात्रीच मला तिच्याविषयी सांगितले होते. सहा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने वावरातच औषध घेतले होते. पाच एकर कोरडवाहू, बँकेचे कर्ज, त्यावर सावकाराचे. मागे ही बाई आणि एक मुलगा. मुलगा आता बावीस वर्षांचा. तो देवळात आला नव्हता. सकाळी घरात त्याचे आणि आईचे बोलणे झाले होते, ते शेजारच्यांनी ऐकले होते. “कशाचे उपकार? बाप नेला, पीक नेलं, आन् वरून आपणच टोपली भरून द्यायची?” असे तो म्हणाला होता.

पाळकसाहेब तरुण होते. त्यांचे प्रवचन लांबले नाही. त्यांनी सांगितले ते साधारण असे. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात प्रत्येक स्थितीत देवाचे उपकार मानायला सांगितले आहे. प्रत्येक स्थिती‘त’, प्रत्येक स्थिती‘बद्दल’ नव्हे. घरात माणूस गेले त्याबद्दल उपकार मानायला देव सांगत नाही. बोंडअळीबद्दल उपकार माना, असे म्हणणारा पाळक ढोंगी. बायबलातल्या स्तोत्रांत जितकी स्तुती आहे तितकाच आक्रोश आहे. देवा, किती दिवस, असे विचारणारी माणसे त्यात आहेत आणि देवाने त्यांना गप्प बसवलेले नाही. हबक्कूक संदेष्टा तर आपल्या ग्रंथाच्या शेवटी यादीच करतो. बाग गेली, मळा गेला, शेत गेले, मेंढवाडा ओस पडला, गोठा रिकामा झाला. सारे मोजून झाल्यावर तो म्हणतो की तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. त्याने नुकसान लपवले नाही, एकेक करून मोजले आणि मग ‘तरीही’ म्हटले. “आपणही आज आपलं नुकसान मोजू,” पाळकसाहेब म्हणाले, “आणि मग जो ज्याच्याने म्हणवेल त्याने ‘तरीही’ म्हणावं. ज्याला आज म्हणवत नाही त्याच्यासाठी बाकीच्यांनी म्हणावं.”

शेवटचे ते वाक्य ऐकताना त्या बाईने मान खाली घातली.

लिलाव

उपासना संपली आणि देवळासमोरच्या लिंबाखाली लिलाव सुरू झाला. ज्यांनी हा लिलाव पाहिला नसेल त्यांना त्याची गंमत सांगायला हवी. देवळात आलेली प्रत्येक वस्तू बोलीला चढते. पण बाजारात माणूस भाव पाडून मागतो. येथे चढवून मागतो. बाजारात पाच रुपयांचे वांगे येथे पन्नासाला जाते. विकत घेणारा ती वस्तू पुष्कळदा परत ढिगावर ठेवतो, की पुन्हा बोली लावा! त्या आजीची तीन अंडी चार वेळा विकली गेली, आणि शेवटी ज्याने घेतली त्याने ती आजीच्याच हातात नेऊन दिली. जमलेल्या पैशांतून मंडळी आजाऱ्याच्या औषधाला, पोरांच्या फीला, गरजूला बियाण्यासाठी मदत करते.

हिंदू, बौद्ध शेजारीही लिंबाखाली उभे होते, बोली लावीत होते. कोहळे तर शेजारच्या आळीतल्या एका पाटलांनी नेले आणि म्हणाले, “देवाचं कोहळं हाय, भाजी गोडच लागन.”

मग ती कापसाची टोपली आली. पाच-सहा किलो असेल. बाजारभावाने अडीचशेचा माल. पहिली बोली झाली ती फवारणीत वाचलेल्या त्या मजुराची. शंभर रुपये. त्याच्या दिवसाच्या मजुरीएवढी किंवा थोडी कमी. मग दोनशे, तीनशे, पाचशे. बोली दीड हजारावर थांबली. कोणी ओरडले नाही, कोणी दयेचे बोल बोलले नाही. जणू त्या कापसाचा भाव तेवढाच होता!

मी सहज मागे पाहिले. आवाराच्या फाटकाशी एक तरुण उभा होता, हातात मोबाइल, पण नजर टोपलीवर. गुरुजींनी डोळ्यानेच खूण केली, तोच तो मुलगा. आत तो आला नाही. पण लिलाव संपल्यावर ज्वारीची पोती कोठीत न्यायची होती, तेव्हा न बोलावता येऊन त्याने दोन पोती पाठीवर घेतली. त्याला कोणी काही विचारले नाही. मला ते बरे वाटले.

त्या बाईचे उत्तर

दुपारी प्रीतिभोजन झाले. वरण, भात, पोळी, आलूवांग्याची भाजी. सगळी एका पंगतीत. जेवणानंतर मी गुरुजींना म्हटले, मला त्या बाईंशी दोन शब्द बोलायचे आहेत. गुरुजींच्या पत्नीने मला त्यांच्याकडे नेले. मी कसेबसे विचारले, “बाई, वाईट वाटून घेऊ नका. अशा सालात देवळात टोपली न्यावी असं तुम्हाला कसं वाटलं?”

ती बाई थोडा वेळ पदराशी चाळा करीत बसली. मग म्हणाली, “भाऊ, तुमच्याइकडं शेजारणीची वाटी आली, तं रिकामी परत करता का?”

मी म्हटले, “नाही.”

“घरात काई नसलं तं?”

“साखरेची चिमूट तरी घालून देतात.”

“बस, तेवढंच हाय,” ती म्हणाली. “माह्या मालकाचं मी देवाले रोज विचारतो. अजून उत्तर नाई. आन् मी त्याचं रडणं सोडलं नाई. पण यंदा वेचणीला माह्या संगं या आळीतल्या चार बाया आल्या, रोज घेतला नाई. मालक गेले तवा पोराची फी मंडळीनं भरली. दोन सालं बियाणं देल्लं. ही वाटी माह्या घरी आली व्हती ना? ते रिकामी कशी परत करू? कीड लागली त्यातला चांगला कापूस निवडून काढला, तेवढी चिमूट.”

माझ्या मनातली जी शंका होती, तिचे उत्तर मला तेथे मिळाले. उपकार मानणे म्हणजे देवाशी हिशेब चुकता करणे नव्हे, की चांगले दिले तर स्तुती, वाईट दिले तर अबोला. आणि जे गेले ते चांगलेच झाले अशी मनाची समजूत घालणे तर नव्हेच. या बाईने आपले नुकसान लपवले नाही. पण नुकसान मोजताना हाताला जे लागले होते तेही तिने मोजले. चार शेजारणी, दोन पोती बियाणे, पोराची फी. दुःखात माणसाला दिलेले दिसेनासे होते. ते दिसत राहावे म्हणून ती टोपली!

आपण खेड्यातली माणसे तोंडाने आभार मानीत नाही. घरच्या माणसाचे आभार मानले तर त्याला परके केल्यासारखे वाटते. पण वाटी मात्र आपण कधी रिकामी परत करीत नाही. ख्रिस्ती मंडळींनी देवाशीही हेच शेजाराचे नाते ठेवले आहे, असे मला त्या दिवशी वाटले.

येथे कोणी असे समजू नये, की देवाचे उपकार मानले म्हणजे सरकारदरबारी गप्प बसायचे. त्याच दुपारी त्याच लिंबाखाली गुरुजी बाजेवर बसून लोकांचे बियाण्याच्या तक्रारीचे अर्ज भरून देत होते. पाळकसाहेब किडकी बोंडे पिशवीत घालून ती कोणाला दाखवायची ते समजावून सांगत होते. फवारणी करताना तोंडाला काय बांधायचे, वाऱ्याच्या कोणत्या दिशेने चालायचे, दोन औषधे एकत्र का करायची नाहीत, हे तो वाचलेला मजूर स्वतः पोरांना सांगत होता. सकाळी ज्याने साक्ष दिली त्याची ही दुसरी साक्ष, आणि माझ्या मते तितकीच मोलाची.

निरोप

सोमवारी सकाळी मी निघालो. गुरुजींच्या पत्नीने प्रवासासाठी भाकरी, ठेचा आणि भाजलेल्या वांग्याचे भरीत असा डबा बांधून दिला. स्टीलचा, तीन पुडांचा. मी म्हटले, “वहिनी, डबा परत कसा करू?” त्या हसल्या. “करा कधी तरी. त्या निमित्तानं पुन्हा याल.”

गाडी सुटली. खिडकीतून पाहिले, तर रस्त्याच्या कडेच्या वावरात बाया वेचणी करीत होत्या. पाठीशी बांधलेल्या ओट्यांत थोडा थोडा कापूस. अळीने खाल्लेल्या बोंडातूनही चांगली पाकळी निवडून घेत होत्या. मान वर न करता, एकेक बोंड. त्या कोणत्या देवाच्या होत्या, मला माहीत नाही.

यवतमाळला गाडी बदलताना मी डबा उघडून जेवलो. जेवून झाल्यावर तो नळावर स्वच्छ धुतला आणि पिशवीत घातला. महिन्याभराने आमच्याकडे नवा गूळ निघाला. एक गाववाला नागपूरला जाणार होता, वाटेत यवतमाळ होते. तिन्ही पुडे गुळाने भरली आणि डबा त्याच्या हाती दिला.